एक हात बाहेर

अनुजा बाळंतपणाला माझ्याकडे येणार हे कळलं तेव्हा इमारतीतल्या बायकांनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "घरात आई नाही, तर मुलीला सासरीच ठेवायची ना? तुम्हाला एकट्याला काय जमणार?" मी म्हटलं, जमेल. मला स्वतःला खात्री नव्हती. पण अनुजाच फोनवर म्हणाली होती, "बाबा, पहिलं बाळंतपण माहेरी करतात. आई नसली तरी माहेर आहे ना मला?"

परळला आमची चाळ होती त्याच जागी ही इमारत उभी राहिली. इंदूला, माझ्या बायकोला, नवं घर फारसं वापरायला मिळालं नाही. ओट्यावर कुठला डबा कुठे ठेवायचा हे तिचं अजून ठरत होतं, तेवढ्यात आजार आला. डबे ती गेली तेव्हा जिथे होते तिथेच आहेत. मिठाचा डबा मला उंच पडतो, तरी मी तो खाली आणलेला नाही.

मी माझगावला गोदीत वेल्डर होतो. स्वयंपाक इंदूच्या आजारात शिकलो. अनुजासाठी शेपूची भाजी करायचो, अळिवाची खीर करायचो, बाजरीची भाकरी थापायचो. भाकरी काही गोल व्हायची नाही. अनुजा ताटाकडे बघून म्हणायची, "आज सिंधुदुर्ग जिल्हा केलात वाटतं. काल रायगड होता." पण खायची सगळी.

मुलगी झाली. बारसं व्हायचं होतं म्हणून आम्ही तिला नुसतं बाय म्हणायचो.

बायला आणि अनुजाला मालिश करायला, न्हाऊमाखू घालायला लालबागहून जाईबाई यायची. अनुजा तान्ही असताना तिलाही हिनेच न्हाऊ घातलं होतं. आता जाईबाईचे गुडघे दुखतात, पण पाटावर पाय पसरून बसली आणि पायांवर बाळ घेतलं की तिला गुडघ्यांची आठवण राहत नाही. आंघोळ, धुरी, मग कापडात गुंडाळणं. बायसाठी अनुजाने आईची जुनी सुती पातळं फाडून दुपटी केली होती. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते, म्हणून पहिलं कापड जुनंच हवं. कपाटात इंदूची अशी मऊ झालेली पातळं पुष्कळ होती. अनुजा ती फाडत असताना मी खाली कोथिंबीर आणायला गेलो होतो. घरात कोथिंबीर होती.

जाईबाई बायला असं गुंडाळायची की नुसतं तोंड उघडं राहायचं. दोन्ही हात अंगालगत आत, पाय मात्र सैल. "पूर्वी आम्ही पायपण आवळायचो," ती अनुजाला शिकवायची. "ता चुकीचा होता. डॉक्टरीणबाय सांगतत, मांड्या मोकळ्या होऊक हव्यात. पण हात आत. बाहेर ठेवलेस तर स्वतःच्याच हाताने दचकून उठतली. पोटात दाटीवाटीत राहिलंय गे ते. एकदम एवढी मोकळी जागा त्याला भिववते."

आणि खरंच, कापडात घातलं की बाय गप्प व्हायची. दोन जांभया द्यायची आणि झोपायची. मग जाईबाई ते गाठोडं माझ्यापुढे धरायची. "घ्या आजोबा, तयार झाली तुमची बाय."

तेव्हा मला गॅसवरचं दूध आठवायचं. किंवा खाली पार्सल आलेलं असायचं. मी उठून जायचो.

कारण साधं होतं, पण ते घरात कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. इंदूला मी शेवटचं पाहिलं ते असंच. सगळं अंग कापडात, फक्त तोंड उघडं. बाय गुंडाळलेली दिसली की माझ्या डोळ्यांपुढे ते यायचं, आणि कापड तर इंदूचंच. ज्या खोलीत तान्हं बाळ आहे तिथे असं काही बोलायचं नसतं. मनातसुद्धा आणायचं नसतं. म्हणून मी मनासकट बाहेर निघून जायचो.

बाय उघडी असली, पाय झाडत असली, तर मी तासन् तास बसायचो तिच्यापाशी. पण ती त्या वेळी बहुतेक रडत असायची, आणि मग अनुजा तिला घ्यायची. झोपलेली बाय मी कधी मांडीवर घेतलीच नाही.

जाईबाईच्या नजरेतून हे सुटलं नाही. एक दिवस तेलाची वाटी विसळता विसळता ती मोठ्याने म्हणाली, "आनंदभाऊ, नातू झाला असता तर गुंडाळलेला काय नि उघडा काय, खाली ठेवला नसतात."

"काहीतरी बोलू नको, जाईबाई."

"मी कशाला बोलतंय? माझे डोळे बोलतत."

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी दुपारी जेवताना अनुजाने भाकरीला नाव ठेवलं नाही. ताट तसंच पुढे ठेवून म्हणाली, "बाबा, खरं सांगा. मुलगी झाली म्हणून तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वेडी आहेस का तू?"

"मग तिला घेत का नाही? ती झोपली की तुम्ही खोलीतून निघून जाता. मी रोज बघते. मला वाटलं, आईची आठवण येत असेल. पण माझ्याकडे बघून नाही येत, ती हसली तरी नाही येत. झोपली की बरी येते."

सांगायला तोंड उघडलं. पाळण्यात बाय होती. मी म्हटलं, "माझे हात खरखरीत आहेत ग. कापडात अडकतात."

हे खोटं नव्हतं. वेल्डिंगने बोटांची सालं कायमची कडक झालीत, मलमलीचे धागे ओढले जातात त्यांच्यात. पण अनुजा माझी मुलगी आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि ताट उचलून आत नेलं. आतून तिचा आवाज आला, हितेंद्रशी, म्हणजे जावयाशी, फोनवर बोलत होती. "रविवारी गाडी घेऊन ये. हो, राहायचं होतं बारशापर्यंत. पण इथे मला... तू ये फक्त."

मी ओट्याशी उभा राहिलो. माहेर आहे ना मला, असं म्हणाली होती.

इंदू असती तर एका वाक्यात हे सोडवलं असतं तिने. तिला सगळं जमायचं. चाळीत कुणाचंही बाळ झोपत नसलं की ते आमच्या दारात आणायचे. ती ओच्याला हात पुसायची, गुंडाळायची आणि परत द्यायची. मी गोदीतून आलो की कुणाचं ना कुणाचं गाठोडं आमच्या खाटेवर असायचं. मी म्हणायचो, "आज कुणाचं पार्सल?"

आणि तिनेच मला शिकवलं. आजारात तिचं अंग फार वाळलं होतं आणि औषधांमुळे हातपाय सारखे उडायचे. डोळा लागला की हात उडून ती जागी व्हायची. एक दिवस म्हणाली, "अहो, मला तान्ह्या अनुसारखं गुंडाळा की."

मी म्हटलं, "मला कुठे येतं?"

"मी सांगते तसं करा. चादर तिरकी घाला. वरचा कोपरा आत मुडपा. आता एक बाजू अंगावरून घ्या, पाठीखाली खोचा. लोखंड नाही ते, एवढा जोर नको."

मी केलं. ती हसायला लागली. "आता बारसं करा माझं."

"नाव काय ठेवू?"

"बघा तुम्हीच. आत्याबाई तर नाही इथे." मग म्हणाली, "एक हात बाहेर ठेवा. रिमोट कोण धरणार?"

मी उजवा हात बाहेर काढला. टीव्ही लावला, रिमोट हातात दिला. तिने रिमोट बाजूला ठेवला आणि माझं मनगट धरलं. त्यानंतर रोज असंच. मी गुंडाळायचो, एक हात बाहेर ठेवायचो, ती मनगट धरून झोपायची. मी तसाच बसून राहायचो. पाय मुंग्यांनी भरून यायचे, पण उठवत नसे.

शेवटच्या दिवशी तिची तयारी बायकांनी केली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं नेसवलं. मग बाहेर पुरुषांनी पांढरं कापड गुंडाळलं. मी म्हटलं, "तिचा एक हात बाहेर ठेवा." कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "आनंदा, तसं नसतं रे." आणि हात आत गेला.

त्या रविवारच्या दोन दिवस आधीची गोष्ट. त्या दिवशी जाईबाई आली नाही, तिच्या भाचीची हळद होती. अनुजाने बायला कशीबशी आंघोळ घातली, फोनवर व्हिडिओ लावून गुंडाळलं. व्हिडिओतल्या बाईंनी इंग्रजीत छान समजावलं होतं, पण बायला इंग्रजी येत नव्हतं. तिने एक लाथ मारली आणि सगळं सुटलं. पुन्हा गुंडाळलं, पुन्हा सुटलं. बाय लालबुंद होऊन रडत होती. अनुजाचे टाके दुखत होते, केस तेलाने चिकटलेले, आणि तीही रडायच्या बेतात आली होती.

"तू न्हाऊन ये," मी म्हटलं.

"ही अशी रडत असताना?"

"मी आहे ना."

तिने माझ्याकडे बघितलं. टॉवेल घेऊन गेली.

मी इंदूच्या निळ्या पातळाचं दुपटं गादीवर तिरकं अंथरलं. वरचा कोपरा आत मुडपला. बायला त्यावर ठेवलं. डावी बाजू अंगावरून घेतली, पाठीखाली खोचली. बोटाला धागा अडकला, तो सोडवला. पाय सैल ठेवले. दुसरी बाजू घेतली आणि उजवा हात आपोआप बाहेर ठेवला. मी ठरवून केलं नाही. माझ्या हातांना तेवढं एकच गुंडाळणं माहीत होतं.

बाय गप्प झाली. मोकळा हात छातीवर ठेवून डोळे मिटले. मी माझं मनगट तिच्या हाताजवळ नेलं. तिने धरलं नाही. कशाला धरेल? मग तो हात एकदम वर उडाला, गालावर आपटला आणि ती दचकून किंचाळली. थोपटून झोपवली, तर पुन्हा तेच. स्वतःच्याच नखाने गालावर ओरखडा उठला, एवढासा.

तेव्हा मला नीट दिसलं. हिला मनगट नको होतं. ते इंदूला हवं होतं. हिला झोप हवी होती, आणि झोपेसाठी तो हात आत जायला हवा होता.

एवढुसा हात. मी तो दोन बोटांत धरला. इंदूचा हात माझ्यासमोर आत गेला होता आणि मी नको म्हणत होतो. हा मला माझ्या हाताने आत घालायचा होता. मी खूप वेळ तसाच धरून बसलो असेन. बाय रडत होती. मग तिच्या अंगालगत तो सरळ केला, कापड वरून घेतलं आणि खोचलं. फक्त तोंड उघडं राहिलं.

तिने एक जांभई दिली. अजून एक. आणि झोपली.

मी उठून गेलो नाही. भीती वाटत होती, तरी बघत राहिलो. आणि मला दिसलं की निळं कापड हलतंय. छातीपाशी वर होतंय, खाली जातंय. जरा थांबतंय, मग पुन्हा वर. मी इतके दिवस खोलीतून पळत होतो, म्हणून ते मी कधी बघितलंच नव्हतं. इंदूवरच्या त्या पांढऱ्या कापडाकडेही मी असाच बघत होतो, हलेल म्हणून. खूप बघितलं होतं.

मी बायला उचलून मांडीवर घेतलं. फार हलकी होती.

अनुजा डोकं पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. माझ्याकडे, मग बायकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "हे कुठे शिकलात?"

"तुझ्या आईने शिकवलं."

"कधी?"

"आजारात." बायच्या देखत एवढंच सांगता आलं मला. "मी तिला असंच झोपवायचो. तिचा एक हात बाहेर ठेवायचो."

अनुजा तशीच उभी राहिली. ओल्या केसांचं पाणी लादीवर पडत होतं. तिला काय काय कळलं मला माहीत नाही. पण ती माझ्या शेजारी येऊन बसली. बायचं दुपटं सारखं करत म्हणाली, "झोपलेली बघितली की आई दिसते ना?"

मी मान हलवली.

"सांगायचं ना बाबा."

"असं बोलायचं नसतं तिच्यासमोर."

"ती झोपलीये." मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "रविवारी हितेंद्र जेवायला येईल. भाकऱ्या तुम्हीच करा. त्यालाही जिल्हे बघू देत."

ती आत पडायला गेली. मी बायला घेऊन बसून राहिलो. पाय मुंग्यांनी भरून आले. दुपार कलली, खालच्या शाळेतली मुलं सुटल्याचा गलका वर आला, तरी मी बसून होतो. मला ती उठायला हवी होती, आणि तिला उठवायचंही नव्हतं.

मग तिने भुवया आक्रसल्या. ओठ हलले. कापडात वळवळ सुरू झाली. मी एक बाजू सोडली, मग दुसरी. दोन्ही हात एकदम डोक्यावर गेले, मुठी वळलेल्या, आणि तिने अंग ताणून, तोंड वाकडं करून मोठा आळस दिला. डोळे उघडले.

"उठली," मी म्हणालो. आत अनुजाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो नव्हतो. नेहमी जिला सांगायचो, त्या इंदूलाच सांगत होतो.