अंग चोरून

घरात तिला चिमी म्हणत. तिसऱ्या वर्षी हे नाव शोभलं, बाराव्या वर्षी त्याची थट्टा झाली. वर्गात सगळ्यांच्या आधी तिची छाती भरली आणि मग थांबायचं नावच घेईना. आईने खांद्यावर थाप मारून एकच धडा दिला : अंग चोरून चाल. पोरगी हुशार, लगेच शिकली. चौतिसाव्या वर्षीही ती रस्त्याने अशी चाले, की जणू कुणाचं तरी काही हरवलंय आणि शोधायचं काम हिच्याकडे आहे.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती छापील पानांचे घडी घातलेले फर्मे शिवायची, पुस्तकाच्या कण्याला सरस लावायची, पुठ्ठा चढवायची. मधूनच छातीचा भार टेबलाच्या कडेवर टेकवायची. तेवढीच विश्रांती. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर बोट मावेल एवढ्या खाचा पडल्या होत्या, उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोलून निघे. मालकाला दिसायची फक्त टेबलावर रेललेली बाई. तो चारचौघांत म्हणे, ही अंगचोर आहे. म्हणजे आई म्हणते चोर आणि मालक म्हणतो चोरतेस. बाईने करायचं काय?

पहिल्या दोन डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. तिने अकरा किलो उतरवलं. गाल बसले, मनगटं काटकुळी झाली, छाती जागची हलली नाही. तिसरी डॉक्टर बाई होती. तिने खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "किती वर्षं झाली?" हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ऑपरेशन करून स्तन लहान करता येतील, असं ती म्हणाली, पण गोड काहीच सांगितलं नाही. व्रण राहतील : स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा, स्तनाखालच्या घडीत आडवा. फिके पडतील, जाणार नाहीत. स्तनाग्राची जाणीव कमी होईल, कदाचित जाईलच. पुढे मूल झालं तर पुरेसं दूध येईल याची हमी नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील असंही नाही. आधी स्तनांची तपासणी करायची, सिगारेट असेल तर सोडायची, चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवायची. नंतर दीड महिना जड उचलायचं नाही. आणि पहिले दोन आठवडे घरात माणूस हवं. माणूस नसेल तर तारीख नाही.

चिमीने फॉर्मवर लिहून टाकलं : आई. आईला विचारलंच नव्हतं.

विचारलं तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचाही बांधा तोच, पाठीचा बाकही तोच. मी जन्मभर हेच ओझं वागवलं, मेले का, असं ती म्हणाली. दुधाचं ऐकून तर तिचा आवाजच चढला.

"मूल होईल की नाही कुणास ठाऊक," चिमी म्हणाली. "पाठ मात्र रोज दुखते, आई."

आईने नीट घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "धडधाकट अंगावर सुरी फिरवायची असेल, तर मला बोलवू नकोस."

नाकापेक्षा मोती जड झाला, तर लोक मोती सांभाळायला सांगतात. नाकाचं कुणी विचारत नाही. आयासुद्धा नाही.

ऑपरेशनच्या सकाळी चिमी एकटीच गेली. नर्सने फॉर्म पाहून विचारलं, आई कुठे आहेत? चिमी खोटं जुळवत होती. तारीख हातातून निघाली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "इथे."

आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"बोलवू नकोस म्हटलं होतं," आई म्हणाली. "येणार नाही, असं कुठे म्हटलं?"

जखमेतलं पाणी निघायला दोन्ही बाजूंना लावलेल्या नळ्या दोन दिवसांनी काढल्या. मग घर. उताणं झोपायचं, पाठीला उशांची उतरंड, पुढून उघडणारी घट्ट ब्रा रात्रंदिवस. हात वर जाईनात. आई वेणी घाली, अंग पुसे. आठव्या दिवशी पट्ट्या निघाल्या. चिमीने आरशात पाहिलं. काळंनिळं, सुजलेलं, एक वर एक खाली. तिला वाटलं होतं मोकळं वाटेल. वाटलं, घरातलं कुणीतरी गेलं. ती रडली. आपणच मागितलेल्या गोष्टीवर रडताना लाजही वाटली.

आईने आरसा उलटा ठेवला. "सूज आहे. उतरेल. रडायचं तर रड, पण हुंदके हळू दे, टाके ताजे आहेत."

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी जखमा पाहिल्या. छान भरत होत्या. "आता सरळ उभी राहा बघू."

"उभीच आहे."

डॉक्टरांनी तिला एका बाजूने आरशात दाखवलं. दीड किलो भार गेला होता. बाक तिथेच होता. ही सवय सुरीने जात नाही, व्यायाम करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. चिमीचं तोंड एवढंसं झालं, जणू मालकाने पुन्हा पकडलं.

आई खुर्चीतून उठली. "सवय तिची नाही, डॉक्टर. ती सरळच चालायची. बाराव्या वर्षी अंग चोरायला मी शिकवलं. माझ्या आईने मला शिकवलं होतं. हिला बोल लावू नका."

बोल कुणीच लावत नव्हतं. डॉक्टरांनी फक्त भिंतीपाशी उभं राहायचं कसं ते दाखवलं, दोघींनाही.

घरी आल्यावर चिमी भिंतीला उभी राहिली. टाचा, पाठ, डोकं. मानेत कळ आली, पण डोकं टेकलं. आई पदर सावरत शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ खटपट केली.

"माझं टेकतच नाही गं."

चार बोटं अंतर राहत होतं. चिमीने खुर्चीवरचा टॉवेल घेतला, चौपदरी केला आणि आईच्या डोक्यामागे सरकवला.

"टेकलं?"

"टेकलं. किती वेळ असं?"

"पाच मिनिटं."

"पाच?" आईने मोठा श्वास घेतला. "बरं. तू मोज. आणि मध्ये हसवू नकोस."