चंडीगढला पाठवायचे लाडू

“ना माताजी, बिना सवारी के सामान नहीं चढ़ेगा.” कंडक्टरने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. “चंडीगढ़! चंडीगढ़ आ जाओ!”

कुमुदिनीताई बसच्या पायरीशी तशाच उभ्या राहिल्या. दिल्लीत काश्मिरी गेटच्या बस स्टँडवर सकाळपासून हेच उत्तर मिळत होतं. कोणाची तरी चाकांची बॅग त्यांच्या पायावरून गेली. एक पोलीस शिट्टी वाजवत होता. कोणासाठी, ते त्याचं त्यालाच माहीत.

तीस वर्षं त्यांनी केंद्राच्या एका मंत्रालयात डिस्पॅच सेक्शनमध्ये लोकांचे कागद मार्गी लावले होते. पूर्वी घरचं पाठवणंही सोपं होतं. ड्रायव्हरच्या हाती पिशवी द्यायची, बसचा नंबर फोनवर कळवायचा, की दिवाळीचा फराळ संध्याकाळी लेकीच्या घरी. आता प्रवाशाशिवाय नुसतं सामान न घेण्याचे नवे नियम आले होते. कुरिअरवाला चार दिवस म्हणत होता. आणि स्वतः जाणं शक्य नव्हतं. इथेच दिल्लीत, द्वारकेच्या घरी त्यांचे यजमान दिलीपराव अर्ध्या अंगाने अंथरुणाला खिळलेले.

लेकीचं, तनयाचं बाळ गेल्या आठवड्यात, पाचव्या महिन्यातच पोटात गेलं होतं. ‘कूस रिकामी झाली तरी अंग बाळंतिणीचंच असतं,’ असं कुमुदिनीताईंची आई म्हणायची. तनया मात्र फोनवर कोरड्या आवाजात म्हणाली होती, “आई, प्लीज. काही करू नकोस, काही पाठवू नकोस. मला त्याबद्दल बोलायचंच नाहीये.” कुमुदिनीताईंनी “बरं” म्हटलं, फोन ठेवला आणि डिंक तळायला घेतला.

“भैया, छोटा-सा डिब्बा है. आपके पैरों में पड़ा रहेगा.”

“और डिब्बे में बम हुआ तो? नौकरी मेरी जाएगी, थारी नहीं.”

“तो सूँघ के देख लो!” त्या वैतागून म्हणाल्या.

त्याने खरंच नाक खुपसलं. तूप, खारीक, तळलेला डिंक. त्याचा चेहराच बदलला.

“गोंद के लड्डू! पहले बोलना था ना, माताजी! जच्चा के लिए हैं? छोरा हुआ कि छोरी?”

“लड़की,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

खोटं नव्हतं. नर्सने तनयाला सांगितलं होतं, तनयाने त्यांना. त्यानंतर ते कोणी विचारलंच नव्हतं.

“लक्ष्मी आई है! ओ बलबीर, माताजी नानी बन गई!” ड्रायव्हरने खिडकीतून हात जोडले. आतल्या एका बाईने वाकून विचारलं, “पहली है? बधाई हो, बहनजी.”

कुमुदिनीताईंनी मान डोलावली. त्या पोरीच्या येण्याचा कोणाला तरी आनंद झाला होता. थकलेल्या माणसाने परक्याच्या ओट्यावर घटकाभर टेकावं, तशा कुमुदिनीताई त्या आनंदावर टेकल्या.

“चिंता मत करो,” कंडक्टर पिशवी आत ठेवत म्हणाला. “लेने जमाई आएगा ना? मिठाई लिए बिना डिब्बा नहीं दूँगा उसे!”

इंजिन सुरू झालं. चंडीगढच्या स्टँडवर चारचौघांत मिठाई मागणाऱ्या माणसासमोर उभा राहिलेला जावई विक्रांत कुमुदिनीताईंना दिसला. दांडी धरून, दुखऱ्या गुडघ्याने त्या पायरी चढल्या.

“भैया, सुनो. उससे कुछ मत माँगना. बधाई भी मत देना.”

“क्यों जी?”

“लड़की थी. रही नहीं.”

आता हा पिशवी परत देणार, म्हणून त्यांनी हात पुढे केले. कंडक्टरने पिशवी दिली नाही.

“बेटी ठीक है?”

“ठीक है.”

“फिर उतरो माताजी,” तो हळू म्हणाला. “मैं कुछ नहीं बोलूँगा. लड्डू पहुँच जाएँगे.”

बस गेल्यावर त्यांनी खांबाला टेकून फोन लावला.

“तनू, विक्रांतला संध्याकाळी स्टँडवर पाठव. बसचा नंबर मेसेज करते.”

“आई, मी नको म्हटलं होतं ना.”

“हो.”

तनयाने विचारलं, “डिंकाचे?”

“डिंकाचे.”

“पण आता बसवाले घेत नाहीत ना? काय सांगितलंस त्याला?”

“त्याने विचारलं, मुलगा की मुलगी. मी मुलगी म्हणून सांगितलं.”

पलीकडे तनया रडायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने. कुमुदिनीताई “उगी” म्हणाल्या नाहीत. फोन कानाशी घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या, आणि मेट्रोकडे निघालेली गर्दी त्यांना वळसा घालून जात राहिली.