हॅलोरनच्या पाटीखाली

वादविवाद संपला तेव्हा व्हर्लिनने टीव्ही बंद केला नाही, फक्त आवाज बंद केला. पडद्यावर सूटबूट घातलेली माणसं नुसती तोंडं हलवत राहिली.

"संपली बाई," तो म्हणाला. "आता घरी बसून स्वेटर विण म्हणावं."

 त्याच्या बायकोने, आर्डिसने, बशीतला ॲपल पायचा तुकडा मघापासून तसाच ठेवला होता.

राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे चौघे जण त्या व्यासपीठावर उभे होते. त्यांतली हॅलोरन ही व्हर्लिन-आर्डिसच्याच राज्याची पूर्वीची गव्हर्नर. सेनेटर प्रॅटने तिला मध्येच गाठलं होतं. "गव्हर्नर असताना तुम्ही राज्याचं मनोरुग्णालय बंद केलंत. तिथले रुग्ण कुठे गेले, सांगता का जरा?" प्रश्न ऐकताच व्हर्लिन खुर्चीत पुढे सरकला होता. अशा प्रश्नाची उत्तरं तयार असतात, हे दोघांनाही माहीत होतं. आधीच्या सरकारने तिजोरी रिकामी केली होती, नवी योजना आखली होती, गावोगावी दवाखाने निघणार होते. वर्षानुवर्षं त्यांनी ती ऐकली होती.

हॅलोरनने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "कुठे गेले ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ते बंद करणं ही माझी चूक होती. मला कोणी भाग पाडलं नव्हतं." एवढं बोलून ती थांबली. तिची वेळ अजून उरली होती, समोरचा दिवा हिरवाच होता, पण ती पुढे बोलली नाही. कॅमेऱ्याकडेही तिने पाहिलं नाही.

आर्डिसने उभा जन्म दुसरीच्या मुलांना शिकवण्यात घालवला होता. मैदानावर रोज कोणीतरी कोणाला तरी ढकलायचं आणि रोज कोणाला तरी चूक कबूल करायला लावावं लागायचं. बहुतेक मुलं बाईंकडे बघत पाठ केल्यासारखं "सॉरी" म्हणून मोकळी होत. बाईंचा राग गेला की त्यांचं काम झालेलं असे. पण एखादं मूल असं निघे की त्याला बाईंची शुद्धच नसायची. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हाच, तिथेच कळत असायचं, आणि त्याचा चेहरा पाहवत नसे. आर्डिसला तो चेहरा चांगला ओळखू यायचा. आज तसाच चेहरा तिने साठीच्या एका बाईचा झालेला पाहिला.

त्यांचा मुलगा डॅरिन त्या रुग्णालयात होता. तिथे तो बागेत काम करायचा, टोमॅटो लावायचा, आणि रविवारी आईवडील भेटायला गेले की पिशवी भरून द्यायचा. रुग्णालय बंद झालं तेव्हा त्याला शहरात एक भाड्याची खोली आणि गोळ्यांची डबी मिळाली. घरी यायला तो तयार झाला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तो रेल्वेच्या पुलाखाली सापडला. त्यानंतर घरी अधिकारी येऊन गेले, पास्टर आले, आमदार आले. व्यवस्था अपुरी पडली, असं सगळे म्हणाले. जणू व्यवस्था नावाची कोणी बाई कुठेतरी राहत होती आणि तिला त्या दिवशी बरं नव्हतं.

"झोपायला चल," व्हर्लिन म्हणाला. "सोमवारी प्रॅटच्या पाटीखाली उभे राहू आणि हिचा निकाल लावू."

"हं," आर्डिस म्हणाली.

हे 'हं' तिने त्या क्षणी म्हणायला नको होतं.

सोमवारी संध्याकाळी सगळा गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमला. त्यांच्याकडे पहिली निवड मतपेटीत चिठ्ठी टाकून होत नाही. शेजारीपाजारी एकत्र येतात, भिंतींवर उमेदवारांच्या पाट्या लावलेल्या असतात आणि ज्याला जो हवा त्याच्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं. कोण कुठे उभं आहे ते सगळ्यांना दिसतं. एखाद्या पाटीखाली ठरलेल्या हिश्शाएवढी माणसं जमली नाहीत तर ती पाटी उतरते. त्याआधी थोडा वेळ मिळतो. त्यात इकडची माणसं तिकडे ओढायची, समजूत घालायची, प्रसंगी वड्या खाऊ घालून फितवायचं. शेजारीण लुएलाच्या लिंबाच्या वड्या त्यासाठी प्रसिद्ध होत्या.

व्हर्लिन बर्फाचे बूट झटकून सरळ प्रॅटच्या घोळक्यात गेला. तिथे त्याच्या ओळखीचे सगळेच होते. मागे वळून पाहतो तर आर्डिस पलीकडच्या कोपऱ्यात.

"आर्डिस! अगं, इकडे!" त्याने हाक मारली. "डोळे तपासायला झालेत हिचे," तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि दोघे हसले.

आर्डिस हलली नाही. तिच्या डोक्यावर हॅलोरनची पाटी होती.

हसू हळूहळू थांबलं. व्हर्लिन तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

हॅलोरनकडे मूठभर माणसं होती. त्यांचा म्होरक्या रोलंड, बियाणांचा व्यापारी, आर्डिसच्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही आलात हे खरं वाटत नाही. आता पाटी वाचवायला अजून माणसं लागतील, आणि कोणीतरी बोलायला लागेल. मी बोललो तर लोक म्हणतील, हा बियाणंही असाच विकतो. तुम्ही बोलता का?"

"मी बोलले नसते, रोलंड," ती म्हणाली. "पण तसंही मला आता सांगावंच लागणार."

सभा चालवणारा वेंडेल तिचाच जुना विद्यार्थी. "शांतता! टॉफ्टेबाई बोलतायत," तो ओरडला. "च्युइंगगम थुंका सगळ्यांनी." लोक हसले. आर्डिसही हसली आणि त्यामुळे तिला सुरुवात करता आली.

"माझ्या डॅरिनला तुम्ही सगळे ओळखत होतात," ती म्हणाली.

हसणं तिथेच थांबलं. हे नाव गावाने तिच्या तोंडून दफनाच्या दिवसानंतर ऐकलं नव्हतं. घरीसुद्धा ते कोणी उच्चारत नसे.

"तो ज्या रुग्णालयात होता, ते हॅलोरनने बंद केलं. म्हणून मी आज इथे कशी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतंय. मी इतकी वर्षं वाट पाहत होते, की कोणीतरी म्हणावं, 'हे मी केलं.' कोणी म्हणालं नाही. मग मी ते स्वतःला म्हणायला लागले. मी त्याला घरी ओढून का आणलं नाही? त्या शेवटच्या रविवारी बर्फ होतं म्हणून मी त्याच्या खोलीवर का गेले नाही? रोज सकाळी भांडी घासताना मी स्वतःला हेच विचारते. परवा ती बाई टीव्हीवर म्हणाली, चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासली आणि मला नुसती भांडी दिसली." ती थांबली. "तिने ते मतांसाठी म्हटलं असतं तर पुढे आणखी बोलली असती. एवढंच. प्रॅट हुशार आहे. त्याने डॅरिनसारख्यांबद्दल प्रश्न विचारला, पण उत्तर आल्यावर तो तिच्याकडे बघून हसला. मी पाहिलं ते."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग लुएला वड्यांचं ताट टेबलावर ठेवून तरातरा चालत आली. "मी तुझ्यासाठी आलेय, त्या बयेसाठी नाही. समजलं?" म्हणत तिने आर्डिसच्या दंडाला धरलं. तिच्या मागोमाग आणखी काही जण आले. बहुतेक तिच्याच दुसरीच्या वर्गात शिकलेले.

वेंडेलने मोजलं. ओठ चावत पुन्हा मोजलं. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "एक कमी पडतोय."

त्यानंतर जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. व्यायामशाळेतल्या सगळ्या माना व्हर्लिनकडे वळल्या. आर्डिसला वाटलं, वळू नका, देवा, याच्याकडे कोणी पाहू नका. ती खाली लाकडी जमिनीवरच्या रंगीत रेघांकडे बघत राहिली.

तिला बुटांचा आवाज आला. तो जवळ आला नाही. दार उघडलं, थंडगार वाऱ्याचा झोत आत आला, दार बंद झालं.

पाटी उतरली. रोलंड आणि बाकीचे दुसरीकडे गेले, जाताना कोणी तिचा हात दाबला, कोणी नुसती मान हलवली. "बाई, तुमचं मत कुठे मांडू?" वेंडेलने विचारलं.

"कुठेच नको, बाळा," ती म्हणाली आणि कोट घेऊन बाहेर आली.

व्हर्लिन गाडीत बसला होता. इंजिन चालू होतं, तिच्या बाजूची काच त्याने खरवडून साफ केली होती. ती आत बसली. 

"मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हो. चुकलं माझं."

"पुन्हा तेच. सगळ्यांना हल्ली चुकायची हौस आलीय." त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. "मला यायचं होतं तिकडे. पाय उचललाही होता. तुझ्यासाठी, लुएला आली तसा. खोटं नाही सांगत."

"मग?"

"डॅरिनला तिथे पहिल्यांदा सोडायला कोण गेलं होतं? तू वर्गात होतीस. मी गेलो होतो. तो गाडीतून उतरेना. दाराला धरून बसला. म्हणाला, बाबा, हे लोक मला नंतर हाकलून देतील. मी म्हणालो, बेटा, ही सरकारी जागा आहे, दगडी इमारत आहे, इथून तुला कोणी हलवू शकत नाही. माझा शब्द आहे. तेव्हा उतरला तो. माझ्या शब्दावर उतरला."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने कधीच ऐकलं नव्हतं.

"मी त्या बाईवर रागावलो होतो तोवर ठीक होतं," व्हर्लिन म्हणाला. "शब्द तिने मोडला, मी नाही. आता ती म्हणते, चुकले. तू म्हणतेस, तुला हलकं वाटलं. वाटू दे. पण ती बाजूला झाली की तिथे मी एकटाच उरतो, आर्डिस. आणि माझ्यासमोर तर टीव्हीचा कॅमेरासुद्धा नाही. मी कोणाला सांगू?"

"मला सांगितलं असतंस."

"तू रोज भांडी घासत होतीस. पाठमोरी. तुझे खांदे हलायचे. त्यात मी हे कुठे आणून टाकू?"

 शब्द द्यायला नको होता, असं ती म्हणू शकली नाही, कारण तिनेही तोच दिला असता. तुझा दोष नाही, असंही म्हणवेना. तिला स्वतःला लोक हेच सांगत आले होते आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग झाला नव्हता.

व्यायामशाळेचं दार उघडलं आणि माणसं बाहेर पडू लागली. प्रॅटचे लोक खुशीत होते. मग दोघा-तिघांचं लक्ष टॉफ्ट्यांच्या गाडीकडे गेलं, तसे त्यांनी आवाज खाली आणले. गाड्या सुरू झाल्या, दिवे भिंतीवरून सरकत गेले.

"जेव्हा तो उतरला," आर्डिसने विचारलं, "तेव्हा काय घातलं होतं त्याने?"

व्हर्लिन समोर बघत होता. 

"तू शिवलेलं ते तपकिरी जाकीट," तो म्हणाला. "बाह्या आखूड झाल्या होत्या. मनगटं बाहेर आली होती त्याची."

 शाळेपुढचं मैदान रिकामं झालं तरी ती दोघं तशीच बसून होती.