खरवडलेलं पाणी

मी एक जुनी रंगसुरी आहे, आणि मित्रांनो, मला कुणाचंच फारसं कौतुक नाही हे आधीच सांगून टाकते. पातं पोलादी, मूठ लाकडी. कारखान्यात मला दोनदा वाकवून पाहिलं. मोडले नाही म्हणून विक्रीला गेले. चित्रकलेच्या बाईंनी मला घेतलं त्याला वीस वर्षं झाली. माझं काम एकच, बिघडलेलं चित्र खरवडायचं. ब्रश मिरवणार, शाबासकी खाणार, आणि घाण काढायला मी! त्या केसाळ मंडळींकडे मी बघतसुद्धा नाही.

शिकाऊ माणसांबद्दल तर विचारूच नका. त्यातले अर्क म्हणजे फूटपट्टीकाका. हे नाव मीच ठेवलेलं. जन्मभर इमारतींचे आराखडे काढले आणि निवृत्त झाल्यावर तैलरंग शिकायला आले. कारण काय, तर आता घर सोडून लेकीच्या गावी राहायला जायचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्यापलीकडचं शहर दिसायचं. तिथे उभं राहून काकूंनी तीस वर्षं संध्याकाळचा चहा घेतला होता. ते शहर काकांना त्यांच्यासाठी सोबत न्यायचं होतं.

हेतू चांगला, हात मात्र दगड. बाई सांगून थकल्या, "काका, डोळे किलकिले करा. खिडक्या मोजू नका, उजेड बघा. रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवा आणि सोडून द्या."

काका मान डोलवायचे आणि खिशातून पट्टी काढायचे! प्रत्येक इमारतीची प्रत्येक खिडकी. शिवाय खाली पाण्यातल्या प्रतिबिंबातही तेवढ्याच, उलट्या, एका ओळीत. पाणी कसलं, फरशीच ती! तास संपला की मी सगळं खरवडायचं, आणि दुसऱ्या दिवशी खिडक्या पुन्हा हजर. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

निघायला चार दिवस उरले तेव्हा काकू वर्गात आल्या. नुकत्याच रंगवलेल्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"अहो, खिडक्या सगळ्या आल्यात. पण पाणी कुठंय?"

काकांचं तोंड उतरलं. "मला नाही जमायचं हे," म्हणाले, आणि मला उचलून रागारागाने चित्राच्या खालच्या भागावरून आडवं ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा. ओल्या पिवळ्या खिडक्या निळ्या रंगात फरफटल्या, तुटल्या, पसरल्या.

"थांबा!" बाई ओरडल्या. "आता अजिबात हात लावू नका!"

काका मागे सरले. डोळे भरून आले होते, त्यामुळे ते जन्मात पहिल्यांदा नीट किलकिले झाले. काकू मात्र पुढे आल्या.

"हलतंय," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, हलतंय बघा पाणी."

शिकवलं बाईंनी, राबले मी, आणि कौतुक झालं काकांचं! त्या आनंदात मला पुसायचं कुणाला सुचलं नाही. चित्र गेलं, काका-काकू गेले, मी खणात पडले. निळा-पिवळा रंग पात्यावर वाळून घट्ट बसला. आता मी वाकत नाही, म्हणून कुणी हातात घेत नाही.

तेव्हा मित्रांनो, काम झालं की सुरी पुसत जा. एवढीही अक्कल नसेल तर रंगांच्या वाटेला जाऊ नका. नव्या सुऱ्या खुशाल घासा, चकचकीत ठेवा. माझ्या पात्यावरचा तो डाग खरवडायला मात्र कुणी आलात, तर गाठ माझ्याशी आहे.