रीतीनं दिलेली बातमी

माझं इंग्रजी चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बुरुलबाईंना फोनवरचं धड कळलं नसेल. सव्वीस वर्षं मी आमच्या नारिनच्या डोंगरातल्या शाळेत इंग्रजी शिकवतेय. त्यातली बावीस वर्षं तर मी इंग्रज माणूस डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, पुस्तकातूनच शिकले नि पुस्तकातूनच शिकवलं. मग नेरिस आली.

ती वेल्सची. शाळेनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं आणि राहायला माझ्याकडे ठेवलं, कारण माझं घर रिकामं. नवरा वारलेला, मुलगा उलान मॉस्कोत बांधकामावर. पहिल्या हिवाळ्यात पोरीचे काय हाल झाले म्हणून सांगू! अंगणातल्या संडासाकडे जाताना बर्फात दोनदा आपटली. पाहुणी म्हणून मानानं मेंढीचा कान पुढे केला तर ढसाढसा रडली. ‘गुड मॉर्निंग टीचर’ म्हणत चाळीस पोरं एकदम उठून उभी राहिली की दचकायची. आणि माझे उच्चार ऐकून हसायची, मेली! म्हणायची, “बुरुलताई, तू तर माझ्या पणजीसारखी बोलतेस.” मी म्हणायची, “तुझ्या पणजीला चांगलं वळण होतं म्हणायचं.”

दिवसभर अशी थट्टामस्करी चालायची. पण संध्याकाळी ती खिडकीशी बसायची, शालीत पाय गुंडाळून, आणि बोलायची नाही. मीही बोलायची नाही. एका घरात दोन एकट्या बाया असल्या म्हणून एकटेपण अर्धं होतं असं काही नसतं. दर रविवारी ती पोस्टात जाऊन आईला फोन करायची. परदेशचा फोन तिथूनच लागायचा, घरच्या फोनवर बाहेरचा नुसता येऊ शकायचा. परत आली की तासभर चेहरा उजळलेला. आईनं मांजराचं काय सांगितलं, शेजारणीशी कशावरून भांडली, सगळं मला ऐकवायची. तिला बाप नव्हता, एक भाऊ तेवढा कॅनडात. आई एकटी.

त्या रविवारी आईनं फोन उचलला नाही.

सोमवारी दुपारी नेरिस वर्गात होती, मी घरी. फोन वाजला. तिचा भाऊ. म्हणाला, आई फार आजारी आहे, इस्पितळात आहे. नेरिसची सारखी आठवण काढतेय. मी गुरुवारच्या आत पोचू शकत नाही. नेरिसला म्हणावं निघ, आणि निघायच्या आधी फोन कर, नर्स रिसीव्हर आईच्या कानाशी धरेल. त्यानं नंबर सांगितला, मी लिहून घेतला, परत वाचूनही दाखवला.

फोन ठेवला. म्हटलं, गेली बिचारी.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, आमच्यात परगावच्या माणसाला मेल्याची बातमी कधी फोनवर देतात का? ‘जरा बरं नाही, ये’ एवढंच सांगतात. माझा नवरा घाटात गाडी उलटून गेला तेव्हा मी दूर ओश शहरात प्रशिक्षणाला होते. मला निरोप आला, साहेबांना ताप आहे, या. दिवसभर गाडीत मी त्यांच्यासाठी डाळिंबं मांडीवर घेऊन बसले होते. दारात चाळीस माणसं उभी दिसली तेव्हा समजले. पण पडले तेव्हा धरायला चाळीस माणसं होती हो! ती नसती तर मी उठले नसते, आजही हे शपथेवर सांगेन. मरणाची बातमी माणसानं एकट्यानं ऐकू नये. मोठ्यांनी येऊन, दोन्ही बाजूंना बसून, खांद्यावर हात ठेवून ती द्यायची, मग सगळ्यांनी मिळून रडायचं. ही आमची रीत.

आणि ‘फार आजारी’? आम्ही तर जराशा तापावर भागवतो! तो ‘फार’ म्हणाला म्हणजे प्रश्नच मिटला, असं मला वाटलं.

मी शेजारच्या कालिपाला सांगितलं, तिनं हेडमास्तरांना. सगळ्यांचं एकच मत पडलं, पोरीला इथं आपल्याशिवाय कोण आहे? आपणच तिचं गणगोत. पण बातमी द्यायची ती ओमुरकुलबाबांनीच, गावात त्यांच्याएवढं वडीलधारं कुणी नाही. आणि ते गेले होते नातीच्या लग्नाला पलीकडच्या खोऱ्यात. बुधवारी सकाळी येणार होते.

“थांबू या,” कालिपा म्हणाली. “गेलेलं माणूस काही दोन दिवसांनी जास्त जात नाही.”

आम्ही थांबलो.

मंगळवारी नेरिस शाळेतून आली आणि कोट न काढताच म्हणाली, “मी जरा पोस्टात जाऊन येते. आईचं काही समजत नाही, जिवाला घोर लागलाय.”

मी म्हटलं, “लाइन बंद आहे. बर्फानं खांब पडलाय.”

खोटं बोलले. तोंडावर, डोळ्यांत बघून. ती “बरं” म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. मी तिला साय घालून चहा दिला, पायांवर घोंगडी टाकली. “आज एवढे लाड कशाला गं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “उगाच.” मग कालिपाच्या घरी जाऊन आम्ही बायकांनी मेलेल्या जिवासाठी बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळले, तळणीच्या तेलाच्या वासानं आत्मा शांत होतो ना, म्हणून. पातेलंभर तळले. मी तिच्या आईचं नाव घेऊन प्रार्थना केली.

बुधवारी सकाळी ओमुरकुलबाबा आले. तीसेक माणसं घरात शिरली. नेरिस केस विंचरत होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसले, कालिपा उजव्या. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, मन घट्ट कर. तुझी आई गेली. तू परकी नाहीस, आम्ही सगळे इथं आहोत.” मी ते तिच्या भाषेत सांगितलं. बायकांनी हंबरडा फोडला. ती माझ्या कुशीत कोसळली आणि मी तिला धरलं, अगदी मला धरलं होतं तसं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, केलं बाई आपण नीट.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. “कधी?”

मी भावानं सांगितलेला नंबर तिच्या हातात दिला.

ती पोस्टाकडे निघाली. दुःखातल्या माणसाला एकटं चालू द्यायचं नसतं, म्हणून आम्ही सगळे मागून. ती काचेच्या खोलीत शिरली, आम्ही बाहेर बर्फात उभे. लाइन लगेच लागली. ती नर्सशी बोलत होती. बोलता बोलता तिनं मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. फक्त मला कळेल असं, इंग्रजीत म्हणाली,

“आई काल रात्री साडेदहाला गेली. आपल्याकडे तेव्हा आजची पहाट होती. काल दिवसभर शुद्धीत होती. बाहेर फोन वाजला की दाराकडे बघायची.” मग म्हणाली, “माझा भाऊ तुला काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग.”

मी शब्दन् शब्द सांगितला.

“मग मला का सांगितलं नाहीस?”

“तू एकटी पडू नयेस म्हणून गं.”

तिनं माझ्या मागच्या तीस माणसांकडे पाहिलं. शाली, टोप्या, रडून लाल झालेली नाकं. “मी एकटी नव्हतेच, बुरुल,” ती म्हणाली. पहिल्यांदाच नुसतं बुरुल. “आई होती.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. अख्खं गाव निरोपाला आलं. तिनं कालिपाला मिठी मारली, ओमुरकुलबाबांचा हात डोळ्यांना लावला. त्यांना तिनं काहीच सांगितलं नव्हतं. मला तिनं मान हलवून नमस्कार केला, एखाद्या सहकाऱ्याला करावा तसा.

मी नंतर कालिपाला सगळं सांगून पाहिलं. ती म्हणाली, “अगं, म्हातारी तशीही जाणारच होती. तू सगळं रीतीनं केलंस.” हेडमास्तरही तेच म्हणाले. बाबांनी तर मला आशीर्वाद दिला. या गावात माझी चूक कुणाला दिसतच नाही, आणि जिला दिसते तिला लिहायला बसले की माझं सव्वीस वर्षांचं इंग्रजी ‘प्रिय नेरिस’च्या पुढे सरकत नाही. चार पत्रं फाडली. वर्गात पोरं उठून ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, मी उत्तर देते, आणि माझ्या उच्चारांना आता कुणी हसत नाही.

गेल्या महिन्यात उलानचा फोन आला. मी म्हटलं, “हे बघ, मला बरं नाही असं कुणी कळवलं, तर तिकीट काढायच्या आधी फोन कर. रिसीव्हर माझ्या कानाशी धरायला सांग.”

“काहीतरी अभद्र बोलू नकोस, आई!” तो ओरडला. “आणि काळजी कसली करतेस? तुझ्याजवळ लोक आहेत की एवढे.”

“आहेत रे,” मी म्हटलं. “पण मी दाराकडे बघत असेन.”