अफरीनसिस्टरचे हात

मी एक जुना वजनकाटा आहे. पण मित्रांनो, मला कांदे-बटाटे तोलणारा समजाल तर खबरदार! मी तान्ह्या बाळांचा काटा. १९९४ साली पुण्याहून दौंडच्या एका खासगी प्रसूतिगृहात आलो. आज गावात मिशीला पीळ देत फिरणारे कितीतरी जण माझ्या तबकात उघडेबागडे रडले आहेत!

माझं तबक पत्र्याचं, थंडगार. यवतहून एसटीने येणाऱ्या अफरीनसिस्टर बाळ ठेवण्याआधी आपले दोन्ही तळवे त्यावर दाबून ते उबदार करायच्या. माझा काटा हलायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या. आमच्याकडे बाळाचं वजन मोठ्याने सांगत नाहीत, नजर लागते म्हणतात. म्हणून त्या ते आईच्या कानात सांगायच्या. आई हसायची. त्या हसण्यासाठी मी आसुसलेला असायचो.

एके दिवशी त्यांच्या धाकट्या मुजीबला ताप भरला. त्यांनी सुट्टी मागितली. दुसरी सिस्टर आदल्याच महिन्यात नोकरी सोडून गेली होती. डॉक्टर म्हणाले, "एवढी ड्यूटी काढ, मग बघू." ती ड्यूटी संपली, लगेच दुसरी लागली. सायंकाळी गीताबाईंच्या सुनेला मुलगा झाला. सिस्टरनी तबकावर हात ठेवले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बाई, रडता व्हय?" गीताबाईंनी विचारलं.

"माझा मुजीब घरी तापानं फणफणलाय आजी, आन् मी हितं तुमच्या नातवाला ऊब देतीय."

गीताबाईंना बाळाला घ्यायचंही सुचेना.

मुजीब बरा झाला, पण सिस्टरचं मन काही पुन्हा रमलं नाही. कुरकुंभच्या एका कंपनीच्या दवाखान्यात त्यांना काम मिळालं. ठरलेली शिफ्ट, ने-आण करायला बस. डॉक्टर म्हणाले, "तुझ्यासारखा हात मिळायचा नाही, अफरीन."

"हात हाय तोच हाय, डॉक्टरसाहेब. पण त्यो घरच्या कपाळावर बी ठेवाय लागतो."

मला ओरडावंसं वाटलं, अहो, कंपनीत कुठली आलीत बाळं? राहा ना! पण काट्याचं कोण ऐकतो?

जाताना त्या माझ्यापाशी आल्या. बाळ नव्हतं, तरी दोन्ही तळवे तबकावर दाबून उभ्या राहिल्या.

नंतर दुसऱ्या सिस्टर आल्या, वर्ष-सहा महिन्यांत गेल्या. घाईघाईने बाळ ठेवायच्या आणि बाळ गारठ्याने दचकायचं. त्यांचा तरी काय दोष? आता बॅटरीचा काटा आलाय आणि मी जिन्याखाली धूळ खातोय. त्याचं मला काही नाही. आठवण येते ती त्या हातांची.

मित्रांनो, आजारपणात कुणी सिस्टर तुमच्या उशाशी उभी राहिली, तर तिच्या घरी कोण वाट बघतंय, एवढं विचारा. आणि उद्या तुमच्या हाताखाली माणसं आली, तर त्यांना वेळेवर घरी जाऊ द्या.

त्या शेवटच्या दिवशी माझा काटा किती हलला होता, ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नजर लागेल.