दोन रेघा नि एक टिकली

मी वलांडीवरचा डबा बोलतोय. कुठल्या गावच्या वलांडीवरचा, ते मात्र विचारू नका. तारापूरच्या बाजूचं समुद्रकाठचं एक गाव, एवढ्यावर भागवा. तुम्ही चांगलेच असाल, पण मी तुम्हाला ओळखत नाही, आणि ओळख नसताना विश्वास टाकायची मला सवय नाही.

तसा मी मूळचा दीपाचा शाळेतला डबा. कितीतरी वर्षं तिची भाकरी नि सुकटीची चटणी पोटात घेऊन हिंडलो. ती इंजिनिअरिंगला गेली आणि मला वाटलं, आता आपण माळ्यावर. पण एके दिवशी तिने आणि तिच्या वर्गातल्या सुजीतने तापलेल्या खिळ्याने माझ्या अंगाला भोकं पाडली, आत एक सेन्सर नि बॅटरी बसवली, एक वायर बाहेर काढली आणि झाकणावर छोटा हिरवा दिवा लावला. डब्याचा असा पुनर्जन्म मी तरी दुसरा पाहिला नाही.

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायचा बांबूंचा नि दोऱ्यांचा मांडव. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवायचे आणि दोरीवर टाकायचे. बोंबील मोठा लबाड. वरून खडखडीत दिसतो आणि आत ओलाच असतो. तसाच उतरवला की टोपलीत बुरशी धरते आणि सगळा माल वाया जातो. मी त्यांच्यात लटकून हवेतली ओल हुंगायची आणि खरंच कोरडं झालं की दिवा लावायचा. म्हणजे वरवर दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हीच माझी नोकरी.

पण माझ्यापेक्षा संशयी माणसं मला पहिल्याच दिवशी भेटली. शेजारची नलू टोपली खाली ठेवून माझ्याभोवती फिरली आणि म्हणाली, "याला वायर कशाला गो? हा कंपनीचा हाय का सरकारचा?"

तिला हसू नका. एका अंगाला अणुवीज केंद्र, दुसऱ्या अंगाला कारखाने, अशा गावात वायर असलेली कुठलीही वस्तू आली की पहिला प्रश्न तोच येतो, हे मोजतंय काय? मागे कुणी अनोळखी माणूस बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेऊन गेला. त्यात काय निघालं, काही निघालं की नाही, कुणालाच कळलं नाही. पण त्याचा फोटो मोबाइलवरून फिरला आणि मनोरच्या बाजारात गिऱ्हाइकं या गावच्या सुक्या मासळीला नाकं मुरडू लागली. कितीतरी आठवडे बायका भरल्या टोपल्या परत आणत होत्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलीच गत.

दीपाची काकी वत्सला ही त्या वलांडीची मालकीण. ती तडक घरात गेली. होडीचा लाल रंग आणला आणि माझ्या पाठीवर बोटाने दोन उभ्या रेघा ओढल्या, मधे एक टिकली दिली. ही त्या घराची खूण. त्या गावात प्रत्येक घराची अशी खूण असते, टोपलीवर, घमेल्यावर, जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर. गाववाल्यांना ती बरोब्बर कळते, बाहेरच्याला ती नुसता डाग वाटते.

"आता हा आपला," काकी म्हणाली. मग दीपाकडे वळली. "पन एक सांगते. तुज्या त्या पेपरात गावाचं नाव नको."

"नाय येणार, काकी. शब्द देते."

मी ऐकलं आणि मनाशी म्हटलं, बघू.

पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. एका तांत्रिक परिषदेत दीपा आणि सुजीत माझ्यावर निबंध वाचणार होते. दीपा ओल आणि ऊन यांचे आलेख काढायची आणि सुजीत बोईसरच्या आपल्या खोलीत लॅपटॉपवर ते साच्यात बसवायचा. माझ्यातली नोंद उतरवायला मलाही तिथे नेत, तेव्हा मी टेबलावर पडून बघायचो. काय ते सोवळं! पानाचे दोन रकाने. पानं सहा म्हणजे सहाच. तक्त्याचं नाव वर, चित्राचं खाली. एक ओळ सातव्या पानावर सांडली की सुजीत अख्खी संध्याकाळ तिला मागे ढकलत बसे.

एक नियम मात्र मला फार आवडला. पेपर कुणाचा आहे हे तपासणाऱ्यांना कळता कामा नये. म्हणजे तिथेही माझ्यासारखीच संशयी मंडळी होती! दोघांनी आपली नावं काढली. मग सुजीतने माझा फोटो मोठा केला. "ही खूण ओळख पटवेल, पुसतो," म्हणाला आणि माझी पाठ कोरी करून टाकली. नियम पटत होता, तरी मला वाईट वाटलं.

पेपर स्वीकारला गेला. अंतिम प्रतीत नावं परत घालायची होती. पण तपासणाऱ्याने एक शेरा मारला होता, अभ्यास नेमका कुठे केला ते दाखवा.

"नकाशा टाकू," सुजीत म्हणाला. "नकाशा असला की पेपर वजनदार दिसतो." त्याने किनारा काढला आणि त्यावर लाल ठिपका ठेवला. ठिपक्याशेजारी गावाचं नाव.

दीपा बघतच राहिली. आपल्या गावाचं नाव असं छापील अक्षरात तिने कधी पाहिलं नसावं. "किती छान दिसतंय रे," ती हळूच म्हणाली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शब्द द्यायला काय लागतं? तो ओला आहे की कोरडा, हे वरून कुणाला कळतं?

पण दुसऱ्या दिवशी तिने ते पान छापून घेतलं, मला पिशवीत टाकलं आणि गावी आली. काकी दोरीवर बोंबील टाकत होती. तिने ओले हात पदराला पुसले आणि पान धरलं.

"हा ठिपका कसला गो?"

"आपलं गाव. तू नको म्हणालीस तर काढते. पन आधी तुला दाखवायचं होतं."

काकीने ठिपक्यावरून बोट फिरवलं. तिलाही तो आवडला होता, हे मी शपथेवर सांगतो. "मनोरची गिऱ्हाईक बाई विचारील, तुमच्या मासळीत काय मोजला? तिला काय सांगू?"

"ओल मोजली म्हणून सांग."

"ओल कोन आयकतंय, बाय? मोजला, येवढंच आयकतात."

दीपाने मान हलवली आणि पान घडी करून पिशवीत ठेवलं.

सुजीत भडकला. "हा पेपर वाचणार कोण? दहा जण! आणि त्यांनी मागितलंय ते दिलं नाही तर पेपर उडेल."

"फोटो फिरवायला एक जण पुरतो," दीपा म्हणाली. तिने लिहिलं, 'पालघर जिल्ह्यातील किनाऱ्यावरचे एक गाव. गावकऱ्यांच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही.' मग त्यांच्या कॉलेजातल्या हेमाली मॅडमना विचारून तेच उत्तर परिषदेला पाठवलं. होकार येईपर्यंत दोघांचं जेवणात लक्ष नव्हतं. माझाही जीव टांगणीला होता.

होकार आला. पण नकाशा गेल्याने रकान्यात मोठं भगदाड पडलं होतं. सुजीत अंतर कमीजास्त करत बसला. तेव्हा दीपाने माझा मूळचा फोटो काढला, न पुसलेला, आणि तिथे मोठा करून बसवला. पाठीवरच्या दोन रेघा, टिकली, सगळं लख्ख.

"लोक विचारतील, हा डाग कसला?"

"विचारू दे. ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल."

दीपावर संशय घेतला होता, याची मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ते पान वलांडीवर हातोहात फिरलं. नलूने डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि फणकाऱ्याने म्हणाली, "वत्सलाचीच खून का? आमची कंदी छापनार?"

आता खाऱ्या वाऱ्याने माझा सेन्सर गंजत चाललाय. दिवा कधी लागतो, कधी रुसतो. दीपा नवा डबा करतेय. त्याच्यावर नलूच्या घराची खूण येणार, असं ठरलंय.

माझी खूण तुम्हाला सांगून बसलो, हे आत्ता लक्षात आलं. माझ्यासारख्या संशयी डब्याकडून हे पुष्कळच झालं म्हणायचं. कधी मनोरच्या बाजारात एखाद्या टोपलीवर लाल रंगाच्या दोन रेघा नि मधे टिकली दिसली, तर गाव कुठलं विचारू नका. बोंबील घ्या आणि चला.